म्हटलं, बघावं जरा

१

आमच्याकडे पाण्याचा दिवस असतो. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी एकदा येतं, कधी पहाटे, कधी भर दुपारी, आणि आलं की घरातला प्रत्येक जण हातातलं काम टाकून पळतो. आधी हौद, मग पिंप, मग बादल्या, मग घागरी, आणि शेवटी कुणाला तरी आठवतं की चहाचं पातेलंही रिकामंच आहे. सोलापुरात वाढलेल्या माणसाला हे झोपेतही जमतं. म्हणूनच विजापूर रोडकडचं ते भाड्याचं घर बघायला गेलो तेव्हा मी खोल्या नंतर पाहिल्या, आधी हौद कुठे आहे ते विचारलं.

हौद मागच्या बोळात होता. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्यामध्ये वरून पत्रा टाकलेला एक अरुंद बोळ, खाली शहाबादी फरशी, आणि त्या फरशीतच बसवलेलं लोखंडी झाकण. झाकणाला कडी होती. उचलताना खण्ण वाजायचं, बाजूला ठेवताना आणखी एकदा. घरमालक अण्णाराव बार्शीला राहायचे. पाणी भर उन्हाळ्यातही गार राहतं हे कौतुक त्यांनी आम्हाला पुन्हापुन्हा ऐकवलं, आणि ऐकवताना स्वतः मात्र स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरच उभे राहिले. माझं लक्ष भाड्याकडे होतं, त्यामुळे तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही.

एप्रिलमध्ये आम्ही सामान हलवलं. आम्ही म्हणजे चौघं. माझे यजमान गुरुशांत, त्यांचं बॅटरी-इन्व्हर्टरचं दुकान आहे. सासूबाई निंगव्वा, मूळच्या मंद्रूपच्या. त्यांना मी अत्ती म्हणते. आठ वर्षांची आमची सिद्धेश्वरी, म्हणजे सिद्धी. आणि मी, महेश्वरी. मी शाळेच्या गणवेशांचं कटिंग घरीच करते. जून जवळ आला की माझ्या टेबलावर खाकी आणि निळ्या कापडाचे थर चढत जातात आणि मी दिवसभर घराबाहेर पाऊल टाकत नाही. त्यामुळे त्या घरात काय काय झालं ते सगळ्यात जास्त मीच पाहिलं.

एका सकाळी मी भांडी घासायला बोळात गेले तर झाकण उघडं होतं. पाण्याचा दिवस नव्हता. अत्ती बाजूला उभ्या होत्या, पदराला हात पुसत. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाल्या, काही नाही, म्हटलं, बघावं जरा पाणी किती उरलंय. मी झाकण लावलं आणि भांडी घासायला बसले.

२

इथे माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

माझ्या डोक्यात कुणी बोलत नाही. विचार आहेत, भरपूर आहेत, यजमानांच्या मते गरजेपेक्षा जास्तच आहेत. पण ते शब्दांतून चालत नाहीत. कापड पसरलं की बाही कुठून निघेल आणि कॉलर कुठे बसेल हे माझ्या हाताला कळतं. राग आला की नुसता राग असतो. उद्या बाजारातून काय आणायचं ते अंधारात मिठाचा डबा सापडावा तसं सापडतं. शब्दच हवे असतील तर मला तोंड उघडावं लागतं, म्हणून मी दिवसभर पुटपुटत असते. माहेरी मला बडबडी म्हणायचे, सासरीही तेच नाव आपोआप पडलं.

लहानपणी मोठी माणसं म्हणायची, ‘म्हटलं, जाऊन यावं जरा’. मी विचारायची, कुणाला म्हटलं? सगळे हसायचे. मला वाटायचं ही नुसती बोलायची पद्धत असणार. पोटात कावळे ओरडतात म्हणतात तेव्हा कुणाच्या पोटात खरे कावळे थोडेच असतात. लग्नानंतर इष्टलिंगाच्या पूजेला अत्तींच्या शेजारी बसायला लागले. डाव्या तळहातावर लिंग घ्यायचं, नजर त्यावर ठेवायची आणि मनात मंत्र म्हणायचा. अत्तींचे ओठ घट्ट मिटलेले असत आणि माझे हलत असत. मनात म्हण की गं, असं त्या दटावायच्या. मी ओठ मिटले की मंत्र बंद पडायचा. मग मी नुसती बघत बसायची. खरं सांगायचं तर फार बरं वाटायचं, पण ही आपली कामचुकारी आहे असं समजून मी कुणाला काही बोलले नाही.

दोन वर्षांपूर्वी सिद्धीच्या शाळेत मेंदूच्या एक डॉक्टरबाई पालकांशी बोलायला आल्या. त्या सहज बोलून गेल्या की काही माणसं शब्दांत विचार करतात, काही चित्रांत, आणि काहींच्या डोक्यात आवाज असा नसतोच. कार्यक्रम संपल्यावर मी त्यांना जिन्यात गाठलं. हा आजार नाही, त्या म्हणाल्या, सगळ्यांचे मेंदू एका मापाचे शिवलेले नसतात. गणवेश कापणाऱ्या बाईला हे लगेच पटलं.

त्या दिवशी घरी येऊन मी गुरुशांतना विचारलं, तुमच्या डोक्यात खरंच कुणी बोलतं? ते म्हणाले, कुणी म्हणजे काय, मीच बोलतो की, दिवसभर चालूच असतं. आवाज कुणाचा, तर म्हणे माझाच. मला आधी स्वतःचं वाईट वाटलं. मग त्यांचं वाटायला लागलं. एवढी कटकट दिवसभर आत चालू असताना हा माणूस दुकान कसं चालवतो, याचंच मला नवल वाटलं.

३

झाकणाचा खण्ण आवाज मला कटिंगच्या टेबलापर्यंत ऐकू यायचा. मे लागला तसा तो जास्त वेळा यायला लागला.

दर वेळी कारण असायचं, आणि कारण शहाण्यासारखं असायचं. अत्तींना पाणी खराब झालं का बघायचं होतं. गुरुशांतना मोटारीच्या पाइपला गळती आहे का बघायचं होतं. सिद्धीचा चेंडू आत पडला की काय असं तिला वाटलं, आणि चेंडू तर कॉटखाली होता. तिघांपैकी कुणी खोटं बोलत नव्हतं. फक्त तिघंही सुरुवात एकाच वाक्यानं करत होते. म्हटलं, बघावं जरा.

मग नुसतं बघणं मागे पडलं. अत्ती कडेला बसून पाण्यात हात बुडवून ठेवायला लागल्या. विचारलं तर हाताला गार लागतं म्हणाल्या. सोलापूरचा मे महिना, भिंतीसुद्धा तापलेल्या, तेव्हा यात चूक काय काढणार.

एका दुपारी गुरुशांत जेवायला आले आणि बराच वेळ झाला तरी पानावर येईनात. मी बोळात गेले. ते हौदाच्या तोंडावर बसले होते, पाय पाण्यात. पँट दुमडलेली नव्हती, बूटही काढलेले नव्हते. शर्टाच्या खिशातला मोबाइल वाजत होता आणि ते खाली पाण्याकडे बघत होते, दुकानात गिऱ्हाइकाचं म्हणणं ऐकून घेतात तसे.

मी हाक मारली तेव्हा त्यांनी वर पाहिलं आणि हसले. जरा गार वाटेल म्हटलं, ते म्हणाले. बूट? मी विचारलं. त्यांनी पायांकडे पाहिलं. चेहऱ्यावर काहीतरी आलं आणि लगेच गेलं. मग ते म्हणाले, बूट धुवायचेच होते तसे. ते ओल्या बुटांनीच जेवायला बसले आणि आमटी छान झाली आहे असं म्हणाले.

मला भीती वाटली. कशाची ते नेमकं सांगता येईना, पण कापडावर कात्री चुकीच्या रेघेला लागली की वाटते तशी होती. मी स्वतः कितीतरी वेळा त्या बोळात जात होते, भांडी घासत होते, झाकणावर पाय देऊन न्हाणीघरात जात होते. मला एकदाही झाकण उघडावंसं वाटलं नव्हतं.

४

मी धुळाप्पाला बोलावलं. हौद साफ करणं, मोटार दुरुस्त करणं ही कामं तो आमच्या जुन्या गल्लीतही करायचा. माणूस बोलका, कानाला मोबाइल लावूनच काम करणारा. हौदात काही मेलंबिलं असेल, घाण वास डोक्यात जात असेल, असं काहीतरी निघावं अशी माझी इच्छा होती. घाण निघाली असती तर मला आनंदच झाला असता.

त्यानं पाणी उपसलं आणि शिडी लावून आत उतरला. मी वरून पाहिलं. छातीएवढा खोल, सिमेंटचा, स्वच्छ हौद. कोपऱ्यात थोडा गाळ, एक तुटका मग, बाकी काही नाही. मोबाइलला आत रेंज मिळेना म्हणून धुळाप्पानं तो माझ्याकडे दिला आणि ब्रश घासायला लागला. मी कापडाकडे परत गेले.

काही वेळानं लक्षात आलं की ब्रशचा आवाज थांबला आहे. परत जाऊन पाहिलं तर तो तळाशी मांडी घालून बसला होता, ब्रश मांडीवर. धुळाप्पा, मी म्हटलं. दुसऱ्या हाकेला त्यानं मान वर केली. वर आला, पाय पुसले, पैसे घेतले, हौद एकदम चकाचक झालाय म्हणाला आणि निघून गेला. बादली तशीच राहिली.

पुढे पाणी आलं, हौद पुन्हा भरला. बादली घेऊन जा म्हणून मी धुळाप्पाला फोन केला. तो म्हणाला, “ताई, राहू द्या बादली. मला तितं यावंसं लई वाटतंय. म्हणूनच येत न्हाय.”

मी त्याला आणखी काही विचारणार होते, पण त्यानं फोन ठेवला.

५

त्या संध्याकाळी मी गुरुशांतना म्हटलं की हे घर सोडू या. कारण विचारलं तर माझ्याकडे कारण नव्हतं. तुम्ही सगळे हौद उघडता, एवढंच. ते म्हणाले, हौद उघडायलाच असतो. मी बुटांची आठवण दिली तर चिडले. धुळाप्पाचं सांगितलं तर म्हणाले, तो घेत असेल दुपारचीच.

मग मी मनातलं बोलले. म्हटलं, “तुम्हाला तिघांनाही आतून कुणीतरी सांगतंय. तुमच्याच आवाजात सांगतंय, म्हणून तुम्हाला कळत नाही.”

ते वाईट माणूस नाहीत, हे इथे सांगून ठेवते. पण ते म्हणाले, “महेश्वरी, तुला आतला आवाज काय असतो तेच माहीत नाही. आमच्या डोक्यात काय चाललंय ते तू आम्हालाच सांगणार?”

मला ते लागलं, कारण ते खरं होतं. आंधळ्यानं रंगांवर भांडावं तशी माझी गत झाली होती. कदाचित सगळ्यांच्या डोक्यातला आवाज त्यांना अशाच फालतू गोष्टी करायला लावत असेल, आणि मला ते आत्ता पहिल्यांदा दिसत असेल. कदाचित मला त्यांचा हेवाच वाटत असेल. त्या विचारानं मी दोन शर्टांच्या बाह्या उलट्या कापल्या, जे माझ्या हातून वर्षानुवर्षं झालं नव्हतं.

तरी मी झाकणावर पाटा ठेवला. दुसऱ्या दिवशी पाटा भिंतीला टेकवलेला होता. अत्ती म्हणाल्या, वाटेत कशाला ठेवतेस, पायाला लागेल कुणाच्या.

अत्तींच्या मनात तेव्हा दुसरंच चाललं होतं. श्रावणात सिद्धीची दीक्षा करायची होती. तिच्या गळ्यात लिंग लहानपणीच बांधलं होतं. आता अय्यांच्या, म्हणजे आमच्या जंगम गुरूंच्या हातून रीतसर मंत्र मिळायचा होता. त्याआधी पोरीला मन एका जागी ठेवायची सवय लागावी म्हणून अत्ती तिला सुट्टीभर रोज दुपारी घेऊन बसत. माझ्याकडून हे शिकणं शक्य नव्हतं, हे मी कबूलच केलं होतं. सिद्धी अलीकडे गप्प गप्प असायची, आणि अत्तींना वाटलं की पोरीचं मन फार भटकतंय. मौनात बसवलं की ते थाऱ्यावर येईल, असा त्यांचा हिशेब होता. त्यांच्या आईनं त्यांना तसंच बसवलं होतं, आणि त्यात काही खोट नव्हती. फक्त त्यांनी ते बसणं देवघरातून मागच्या बोळात नेलं, कारण तिथे गार होतं. मला हे कळलं तेव्हा उशीर झाला होता.

६

त्या दुपारी लाइट गेली. पंखा थांबला, शेजारच्यांचा टीव्ही थांबला. दुपारी घर इतकं शांत झालं की भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज यायला लागला. मी कापडावर कागद टाचत होते, दोन टाचण्या ओठांत धरलेल्या. खण्ण असा आवाज आला नव्हता. तरी मी हातातला कागद खाली ठेवला आणि बोळाकडे निघाले. का निघाले ते मला आजही सांगता येणार नाही. बस, पाय निघाले.

झाकण आधीच काढून ठेवलेलं होतं, गारव्यासाठी. अत्ती भिंतीला टेकून पाटावर बसल्या होत्या, डोळे मिटलेले, ओठ मिटलेले. त्यांच्या शेजारचा पाट रिकामा होता.

सिद्धी हौदात उतरत होती. घाईनं नाही. दोन्ही हात काठावर, कमरेपर्यंतचं अंग पाण्यात, फ्रॉक फुगून वर आलेला. पाणी काठोकाठ होतं, तिच्या डोक्यावरून जाईल एवढं. चेहऱ्यावर भीतीचा मागमूस नव्हता. ही माझी पोर, जी पालीला बघून कॉटवर चढते.

मी गुडघ्यावर बसले आणि तिचे दोन्ही दंड धरले. तिनं झटका दिला नाही, पण ती वरही येईना. ओल्या सतरंजीसारखी जड लागत होती. ती समजूत घातल्यासारखं म्हणाली, “काही होत नाही आई.” आणि ओठ पुन्हा मिटले.

तेव्हा मी पाण्यात पाहिलं.

पत्र्याच्या फटीतून ऊन येत होतं, त्यामुळे पाण्यात आम्ही दोघी स्वच्छ दिसत होतो. सिद्धीचे ओठ मिटलेले होते. पाण्यातल्या सिद्धीचे हलत होते. भरभर, न थांबता, रडक्या मुलाला औषध पाजताना बोलतात तसे. आवाज काहीही नव्हता. मग पाण्यातल्या माझ्या प्रतिबिंबानं माझ्याकडे पाहिलं आणि तोंड उघडलं.

माझं तोंड बंद होतं. मी शपथेवर सांगते, कारण माझ्या ओठांत टाचण्या होत्या आणि त्यांची चव जिभेला लागत होती. पाण्यातल्या माझ्या ओठांत टाचण्या नव्हत्या. त्या पाण्यातलीनं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. सुरुवात कुठून करावी ते तिला सापडत नव्हतं. मी वाट पाहिली, खरंच पाहिली, की आता माझ्या डोक्यात काहीतरी उमटेल. काहीच उमटलं नाही. आत नेहमीसारखी शांतता होती, आणि जन्मात पहिल्यांदा मला त्या शांततेचा अभिमान वाटला.

मी टाचण्या थुंकल्या.

“सिद्धी, काल रात्री काय जेवलीस? मोठ्यानं सांग.”

मी तिला हलवलं आणि पुन्हा विचारलं. मला दुसरं काही सुचलं नव्हतं. एवढंच ठाऊक होतं की माझं तोंड चालू असलं की घरातले म्हणतात, तुझ्या बडबडीत आम्हाला विचार करता येत नाही.

“भाकरी,” ती म्हणाली.

“आणि?”

“शेंगाची चटणी.”

“चटणी कुणी संपवली?”

“बाबांनी. माझ्या ताटातलीपण घेतली.” शेवटच्या शब्दांत तक्रारीचा सूर होता. तिचा, तिचा स्वतःचा. पाण्यातले ओठ मध्येच अडखळले. तिचं वजन एकदम कमी झालं आणि मी तिला काठावर ओढलं.

मागे पाट सरकल्याचा आवाज झाला. अत्ती उठल्या होत्या. डोळे उघडे, चेहरा शांत, आणि त्या आमच्याकडे न बघता हौदाकडे येत होत्या. “मीबी बघते जरा,” त्या म्हणाल्या.

माझे दोन्ही हात सिद्धीला धरण्यात अडकलेले. मी बसल्या जागेवरून ओरडले, “अत्ती, मंत्र मोठ्यानं म्हणा.”

“मनात चाललाय की.”

“आत जे चाललंय, तो मंत्रच आहे का ते बघा आधी.”

त्या थांबल्या. डोळे किंचित बारीक झाले, दळणात खडा लागला की होतात तसे. मी त्यांना इतक्या वर्षांत पहिल्यांदा घाबरलेलं पाहिलं. त्यांचा हात गळ्याकडे, लिंगाकडे गेला.

“न्हाय गं,” त्या हळूच म्हणाल्या. “कवापासनं न्हाय.”

आणि मग त्यांनी तोंड उघडलं. अत्तींचा आवाज मंद्रूपच्या शेतातून वस्तीपर्यंत जाणारा आहे, तो त्यांनी शहरात येऊन इतकी वर्षं आवरून ठेवला होता. ॐ नमः शिवाय त्या बोळात असं दणाणलं की पत्रा थरथरला. मंत्र म्हणत म्हणतच त्यांनी वाकून झाकण ओढलं, बसवलं आणि त्यावर स्वतः बसल्या. खाली काय होतं ते मी पुन्हा पाहिलं नाही, आणि मला पाहायचंही नव्हतं.

मी त्यांना हाताला धरून उठवलं, झाकणावर पाटा ठेवला, आणि आम्ही तिघी घराबाहेर आलो.

७

पुढच्या दाराच्या पायरीवर आम्ही संध्याकाळपर्यंत बसलो आणि सतत बोलत होतो. एक थांबली की दुसरी. सिद्धीनं वर्गातल्या प्रत्येक मुलीची चहाडी केली. अत्तींनी त्यांच्या लग्नातली भांडणं सांगितली, अर्धी मराठीत, अर्धी कन्नडमध्ये, आणि कोणत्या नणंदेनं कोणती पातळं लांबवली हेही. शेजारीण दोनदा बाहेर येऊन बघून गेली. तिला वाटलं आमचं जोरदार भांडण चाललंय. घसा कोरडा पडला तर समोरच्या टपरीवरून पाण्याची बाटली मागवली. घरात हौदभर पाणी होतं.

गुरुशांत आले तेव्हा मी काही सांगायच्या आत अत्ती बोलल्या. हितं राहायचं न्हाय, एवढंच म्हणाल्या. मी सांगितलं तेव्हा पटलं नव्हतं. आईनं एका वाक्यात सांगितलं आणि लगेच टेम्पोवाल्याला फोन गेला. मी त्यावरून त्यांना अजून टोमणे मारते. सामान काढायला मी एकटीच मागच्या बोळात गेले, कारण ते काम माझंच होतं हे आता सगळ्यांनाच मान्य होतं. अण्णारावांनी डिपॉझिट निमूटपणे परत केलं. का सोडता, असं त्यांनी विचारलं नाही. घर आता रिकामंच ठेवणार आहे, झाकणाला वेल्डिंग करून घेतो, एवढं ते आपणहून म्हणाले, आणि वेल्डर सतत बडबडणारा बघा, असं मी त्यांना म्हणणार होते, पण जीभ आवरली. वेल्डिंग करताना आवाज एवढा होतो की त्या माणसाला काही धोका नसावा.

आता आम्ही अक्कलकोट रोडला राहतो. इथे पाण्याची टाकी गच्चीवर आहे, काळी, प्लॅस्टिकची, उन्हात पाणी नुसतं कढतं. अत्ती रोज त्यावरून कुरकुरतात आणि मला ती कुरकुर ऐकायला आवडतं. गुरुशांत एका रात्री जेवताना म्हणाले की त्या घरात त्यांच्या डोक्यातला आवाज फार समंजस झाला होता, आता पुन्हा गिऱ्हाइकांना शिव्या देतो. ते हसले, मग त्यांनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

पण मला सिद्धीची काळजी होती. मोठी माणसं निदान आधीचं आणि आत्ताचं ताडून बघू शकतात. पोर आठ वर्षांची, तिच्या आत कोण बोलतंय हे मला बाहेरून दिसणार नव्हतं, आणि ताडून बघायला माझ्या डोक्यात तर काहीच नाही. ती गप्प बसली की माझा जीव वरखाली व्हायचा. अभ्यास करताना, खिडकीतून बाहेर बघताना, वेणी घालून घेताना. काय चाललंय गं, असं मी इतक्या वेळा विचारायची की ती वैतागायची. काही नाही, म्हणायची. हे उत्तर तर ती त्या घरातही देत होती.

गेल्या आठवड्यात आम्ही दोघी धुणं वाळत घालायला गच्चीवर निघालो. या घराच्या बाहेरच्या जिन्याला कठडा नाही. मालक बसवतो बसवतो म्हणतोय. मी बादली घेऊन पुढे होते. मागे पावलं थांबली. मी वळून पाहिलं तर सिद्धी मधल्या पायरीवर उभी होती, ओठ मिटलेले, नजर खाली अंगणात. माझ्या हातातली बादली तिथेच निसटली आणि सगळे कपडे जिन्यावर सांडले.

मी हाक मारण्याआधीच ती बोलली. “आई, हात धर. खाली बघितलं की आतून नको नको म्हणतंय.”

मी दोन पायऱ्या उतरून तिचा हात धरला. विचारू की नको असं झालं होतं, पण विचारलं. “कोण म्हणतंय?”

“मीच की,” ती म्हणाली. मग तिनं थोडा विचार केला. माझ्यासमोर, ओठ मिटून, आणि मी वाट पाहत राहिले. “त्या घरातली कधीच घाबरत नव्हती,” ती म्हणाली. “ही घाबरते.”

मला रडू आलं. इतकं बरं मला तिच्या जन्मानंतर कधी वाटलं नव्हतं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, काय झालं म्हणून. मी तिला भिंतीच्या बाजूला घेतलं, तिचा हात घट्ट धरला, आणि आम्ही सांडलेले कपडे गोळा करत वर गेलो.